पोल्ट्रीचा वास मोजता येतो

आपल्याकडच्या गावांमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. पोल्ट्रीचा वास म्हणजे ज्याच्या-त्याच्या नाकाचा प्रश्न, तो मोजता येत नाही. अमोनियाचं मीटर काही दाखवत नसेल तर तक्रार खोटी. शेडवरच्या गड्याला त्रास नाही, मग शेजाऱ्यांनाच का. आणि चुना टाकला की वास गेला. हाच मजकूर पुढे करून शेडलगतच्या घरांना गप्प बसवलं जातं, म्हणून हे उत्तर.

मोजता येत नाही, हे साफ चूक. युरोपात त्यासाठी ईएन १३७२५ हे मानक २००३ पासून आहे. हवा खास पिशवीत भरून नेतात आणि ३० तासांच्या आत तपासतात. आधी ती स्वच्छ हवेत खूप पातळ करून निवडक माणसांना हुंगायला देतात, मग टप्प्याटप्प्याने दाट करत जातात. निम्म्या जणांना वास कळू लागतो तेव्हा ती जितके पट पातळ असते, तितकी वासाची एककं. नाक माणसाचंच, पण कुणाचंही चालत नाही. एन-ब्यूटेनॉल या अल्कोहोलची वाफ हवेत अब्जात २० ते ८० भाग असताना ज्याला कळते, तोच घेतात. त्याहून तिखट नाकाचाही बाद.

अमोनियाचं मीटर फक्त अमोनिया ओळखतं. ओल्या विष्ठेतून हायड्रोजन सल्फाइड, ब्युटिरिक आम्ल, स्कॅटोल असे दुसरे उग्र वासाचे पदार्थही सुटतात. हायड्रोजन सल्फाइड तर अब्जात काही भाग असलं तरी नाकाला लागतं. म्हणजे मीटर शून्यावर आणि अंगणात बसून जेवणं अशक्य, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

गड्याचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं, एवढंच.

चुन्याचा सल्ला मात्र घातक आहे. विष्ठेतलं युरिक आम्ल जिवाणू फोडतात, त्यातून अमोनिया बनतो, आणि शेडच्या जमिनीवर पसरलेली तुसाची गादी जितकी अल्कधर्मी तितका तो हवेत सुटतो. चुना अल्कधर्मीच! कोंबड्या जिथून पाणी पितात त्या गळक्या निपलखाली (तोटीखाली) धानाचं तूस भिजून थापीसारखं बसलेलं असतं. त्यावर चुना पडला की डोळे चुरचुरतात. निपल बदला, थापी काढा, कोरडं तूस पसरा. काही टाकायचंच तर पाणी शुद्ध करायला वापरतात ते अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. ते आम्लधर्मी असल्याने अमोनिया धरून ठेवतं.

तक्रारदारांनी तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा वहीत लिहावी. हिवाळ्यात रात्री वारा पडतो, गार हवा जमिनीलगत साचते आणि वासही तिथेच राहतो. भरदुपारी आलेल्या साहेबांना तो सापडणार नाही, पाहणी पहाटेची मागा.