‘नाकाचं हाड वाकडं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘नाकाचा पडदा वाकडा, कोंका बुलोसा’ (म्हणजे नाकातल्या एका हाडात हवेची पोकळी) असं असूनही मी माझ्या लेखात ‘हा आजार नव्हे’ म्हटलं, त्यामुळे पेशंट ऑपरेशन लांबवतील, असं तुम्ही म्हणता. पडदा सरळ केल्यावर तुमच्या भावाला बरं वाटलं, हेही लिहिता. शिवाय, आजार नसेल तर रेडिओलॉजिस्ट ते लिहितातच कशाला?

हा शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. ते आम्ही सर्जनसाठी लिहितो. ओनोडी सेल, म्हणजे अगदी मागच्या सायनसवर सरकलेली हवेची पोकळी, असेल, तर डोळ्याची नस त्या पोकळीच्या भिंतीला खेटून जाते. वासाच्या नसांची खोबण कुणाची 3 मिलिमीटरच खोल असते, कुणाची 8च्या पुढे. खोल असली की बाजूचं कागदासारखं पातळ हाड दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सहज दुखावतं आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळू शकतं. हत्यार आत जाण्याआधी हे कळायलाच हवं.

पण वेगळी ठेवण म्हणजे दुखणं नव्हे. संशोधक बोल्जर आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये 202 जणांचे सीटी तपासले. कोंका बुलोसा, म्हणजे मधल्या टर्बिनेटमधली (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या हाडाच्या वळीतली) हवेची पोकळी, निम्म्याहून अधिक जणांत निघाली. सायनसच्या (नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांच्या) तक्रारीसाठी आलेल्यांत आणि भलत्याच कारणाने सीटी काढलेल्यांतही साधारण तितकीच. 1994 मध्ये ग्वाल्टनी या संशोधकांनी तर साध्या सर्दीच्या 31 जणांचे सीटी काढले. 27 जणांच्या गालांमागच्या सायनसमध्ये दोष दिसला! त्यातल्या 14 जणांचा दोनेक आठवड्यांनी, अँटिबायोटिक न देता, पुन्हा सीटी काढला. 11 जणांचे सायनस साफ झाले होते किंवा बरेच सुधारले होते. म्हणून ऐन सर्दीत काढलेल्या सीटीवर ऑपरेशन ठरलं, की मला फार काळजी वाटते.

तुमच्या भावाचं म्हणाल, तर पडदा सरळ केल्यावर त्यांना मोकळा श्वास घेता येतो, हे मला पूर्ण मान्य आहे. वाकड्या पडद्याने नाक चोंदणं ही खरी तक्रार आहे आणि तिच्यासाठी केलेलं ऑपरेशन योग्यच. मोठ्या कोंका बुलोसाने सायनसची वाट दाबली असेल आणि त्याच बाजूला सूज असेल, तर त्या पोकळीलाही महत्त्व येतं. हे मी लेखात लिहायला हवं होतं. आज भर घालते.

बाकी, 12 आठवडे उलटूनही सायनसचा त्रास असेल, तर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच) आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा स्प्रे, तोही नियमाने. मात्र डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक किंवा एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त, यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नका.