जॉर्ज शुल्ट्झ म्हणजे ‘बेक्टेलने पाठवलेला माणूस’? दाव्यांची तपासणी

अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याविषयी एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा सारांश असा: राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या या अर्थमंत्र्याने १९७१ मध्ये डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि दरनियंत्रण लादलं. मुत्सद्देगिरीचा गंध नसताना बेक्टेल या बांधकाम कंपनीतून उचलून राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८२ मध्ये त्याला परराष्ट्र खातं दिलं. सोव्हिएत संघ नमला तो केवळ शस्त्रांच्या धाकाने. आणि रेगन सरकारने गुपचूप इराणला शस्त्रं विकली, त्यात शुल्ट्झही सामील होते.

पहिला मुद्दा तारखेनेच पडतो. हे निर्णय जाहीर झाले त्या १५ ऑगस्ट १९७१ रोजी अर्थमंत्री होते जॉन कॉनली. शुल्ट्झ तेव्हा अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख होते. अर्थखातं त्यांच्याकडे आलं जून १९७२ मध्ये. ज्या बैठकीत हे ठरलं त्या कॅम्प डेव्हिडच्या (राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानी झालेल्या) बैठकीला ते हजर होते हे खरं, पण त्यांचा कल चलनांचे दर बाजारावर सोडण्याकडे होता आणि दरनियंत्रणाला विरोध होता. जून १९७३ मध्ये निक्सन यांनी पुन्हा ६० दिवस दर गोठवले, तेव्हा काय बिघडतं ते लोकांनी पाहिलं. शेतातून पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या कच्च्या मालाला त्यातून सूट होती, म्हणून धान्य आणि पशुखाद्य महागत राहिलं. दुकानातल्या कोंबडीचा दर मात्र जागीच. पिल्लू वाढवून विकण्यात तोटाच दिसल्यावर काही कुक्कुटपालकांनी पिल्लं मारून टाकली. मे १९७४ मध्ये शुल्ट्झ पदावरून बाहेर पडले.

‘मुत्सद्देगिरीचा गंध नाही’ हा आरोप सर्वांत उथळ आहे. शुल्ट्झ यांनी १९४९ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट घेतली ती औद्योगिक अर्थशास्त्रात, आणि त्यांचा विषयच मुळी मालक-कामगार वाटाघाटी हा होता. १९६९ मध्ये कामगारमंत्री झाले तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचा संप चालू होता. आधीच्या सरकारने टाफ्ट-हार्टली या कामगार कायद्याखाली ८० दिवसांची न्यायालयीन स्थगिती आणली होती; मुदत संपताच संप पुन्हा पेटला. शुल्ट्झ यांचं म्हणणं साधं होतं: वॉशिंग्टन धावून येणार हे ठाऊक असलं की कोणताच पक्ष आपला शेवटचा आकडा टेबलावर ठेवत नाही. त्यांनी निक्सन यांना हात आखडता घ्यायला लावलं आणि तोडगा दोन्ही पक्षांनीच काढला. मार्च १९७३ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीच्या अर्थमंत्र्यांना त्यांनी व्हाइट हाउसच्या ग्रंथालयात एकत्र बसवलं. पुढे जपान त्यात आला आणि त्यातूनच आजच्या जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटाची परंपरा सुरू झाली. बेक्टेलची नोकरी या सगळ्यानंतरची. त्या कंपनीच्या अरब देशांमधल्या व्यवसायाबद्दल परराष्ट्रमंत्रिपदावरच्या नेमणुकीसाठी झालेल्या सिनेटच्या सुनावणीत प्रश्न विचारले गेले, ते योग्यच होतं. मतदान मात्र त्यांच्या बाजूने ९७ विरुद्ध ० झालं.

शस्त्रांच्या धाकाचं म्हणाल, तर युरोपात पर्शिंग-२ ही अमेरिकी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं उभी करण्याला शुल्ट्झ यांचा पाठिंबाच होता. पण नोव्हेंबर १९८३ मध्ये ती पोहोचू लागताच सोव्हिएत शिष्टमंडळ शस्त्रकपातीच्या चर्चेतून उठून गेलं. नुसत्या धाकाने एवढंच साधलं होतं. जानेवारी १९८५ मध्ये जिनिव्हात सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांच्याबरोबर बसून शुल्ट्झ यांनी वाटाघाटींची घडी पुन्हा बसवली. त्याच्याही आधी, फेब्रुवारी १९८३ मध्ये, ते सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना रेगन यांच्या भेटीला घेऊन गेले होते. रेगन यांनी तिथे मॉस्कोच्या अमेरिकी दूतावासात १९७८ पासून आश्रय घेतलेल्या पेंटेकोस्टल (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबांचा विषय काढला: त्यांना जाऊ द्या, आम्ही फुशारकी मारणार नाही. त्याच वर्षी ती कुटुंबं देशाबाहेर पडली आणि रेगन यांनी शब्द पाळला. छोट्या सौद्यात विश्वास कमवायचा आणि मग मोठा सौदा मांडायचा, ही कामगार वाटाघाटींतलीच रीत आहे. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडण्याच्या ८ डिसेंबर १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानुसार पुढे एकूण २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली: सोव्हिएत १,८४६, अमेरिकी ८४६. ज्याच्याकडे जास्त, त्याने जास्त मोडली.

राहिला इराण. डिसेंबर १९८५ आणि जानेवारी १९८६ च्या बैठकांत शुल्ट्झ आणि संरक्षणमंत्री वाइनबर्गर या दोघांनीही शस्त्रविक्रीला विरोध केला, आणि तो डावलला गेला. एरवी या दोघांचं फारसं पटत नसे, म्हणून हे एकमत महत्त्वाचं. तरीही शुल्ट्झ यांना या प्रकरणात पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. त्यांना व्यवहाराची जितकी माहिती होती, तितकी त्यांच्या साक्षीत आली नाही. या प्रकरणाचा तपास करणारे स्वतंत्र अभियोक्ता लॉरेन्स वॉल्श यांच्या अहवालाने ती साक्ष महत्त्वाच्या बाबतींत चुकीची ठरवली, मात्र ती जाणूनबुजून दिल्याचं सिद्ध करता येणार नाही म्हणून खटला भरला नाही. टीका करायचीच तर ती इथे करावी.