पुढच्या गाडीला हिरवा मिळाला म्हणून

घाटकोपर स्टेशनजवळचा आमचा कट्टा मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या जवळजवळ सरळ रेषेत येतो. पूर्वेकडून उतरायला आलेलं विमान इथे साडेचारशे फुटांच्या आसपास असतं. परवा संध्याकाळी सर येऊन गेली होती, वारा सुटला होता, आम्ही चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली अंग चोरून उभे होतो. एक विमान आलं ते डोलतच. आधी डावा पंख खाली, मग उजवा. डोक्यावर आलं आणि इंजिनांचा आवाज एकदम चढला. नाक वर, चाकं आत, आणि बघता बघता ढगात दिसेनासं झालं.

"हेच! रविवारी आमचं अगदी हेच झालं," नितीन म्हणाला.

कोलकात्याहून येताना त्याचं विमान दोनदा खाली येऊन वर गेलं आणि शेवटी अहमदाबादला उतरलं. तिथे चार तास आतच बसून. मामेभावाचा साखरपुडा हुकला. त्याचा राग उशिराचा नव्हताच. "आमच्या आधीचं विमान उतरलं. आमच्या नंतरचंही उतरलं, मी ॲपवर बघितलं. मग आमचाच कॅप्टन का कचरला?"

प्रज्ञा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिने ओल्या बाकावर बोटाने रेघ मारली. "ही धावपट्टी, तोंड पश्चिमेला, २७० अंश. पावसाळी वारा नैऋत्येचा, समज २३० अंशांवरून, ३० नॉट. म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. मधला कोन ४० अंशांचा, म्हणून कडेने बसणारा वारा साधारण १९ नॉट. एअरबसचं ए-३२० विमान चाचणीत ३८ नॉटच्या कडेच्या वाऱ्यात उतरवून दाखवलंय."

"मग? झालं की!"

"नाही झालं. धावपट्टी ओली असली की कंपन्या ती मर्यादा खाली आणतात. आणि ३० नॉटचा वारा ३० वर थांबत नाही रे. एका क्षणी ४५, दुसऱ्या क्षणी १५. तुझ्या आधीच्या विमानाला जो वारा मिळाला तो दोन मिनिटांनी तिथे नसतोच."

तिथे मला अमेरिकेतलं डॅलस आठवलं आणि मी मध्ये पडलो. २ ऑगस्ट १९८५, डेल्टा कंपनीची फ्लाइट १९१. धावपट्टीच्या तोंडाशी वादळी ढग होता. पुढचं छोटं लिअरजेट त्याच पावसातून जाऊन उतरलं. मागून डेल्टाचं मोठं विमान त्याच ढगाखाली शिरलं. अशा ढगातून हवेचा लोंढा सरळ खाली आदळतो आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरतो. विमान शिरतं तेव्हा आधी समोरून वारा मिळतो, विमान उचललं जातं, वैमानिक इंजिन कमी करतो. पुढच्याच क्षणी वरून दाब, आणि मग वारा पाठीमागून. पंखांखालचा आधारच निघून जातो. १३७ माणसं गेली. नितीन, आधीचं विमान तिथेही उतरलं होतं.

सावंतकाका तीस वर्षं लोकलचे मोटरमन होते. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या गाडीला हिरवा मिळाला म्हणून मी माझा लाल ओलांडू?"

सगळे गप्प झाले, पण इरफान नाही. तो विमानतळावर कार्गोत आहे. "काका, बरोबर आहे तुमचं. पण वर गेलं की वाचलं, असं तरी कुठे आहे? रोस्तोव्हचं काय?"

त्याचा मुद्दा खरा होता. १९ मार्च २०१६, रशियातलं रोस्तोव्ह, फ्लायदुबई कंपनीचं बोइंग ७३७ विमान. पहिल्या खेपेला वाऱ्याच्या इशाऱ्यामुळे वर गेले. मग जवळपास दोन तास घिरट्या. दुसऱ्या खेपेलाही उतरणं सोडलं आणि वर चढत असतानाच विमान कोसळलं. ६२ जण होते, कोणी वाचलं नाही. बरंच इंधन जळून हलकं झालेलं विमान पूर्ण ताकद दिली की उसळतं. रात्री ढगात शरीराला वाटतं, नाक भलतंच वर गेलंय. तिथे कॅप्टनने नाक खाली दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

"म्हणजे बघ," इरफान नितीनला म्हणाला, "तुमचा कॅप्टन दोनदा बघून अहमदाबादला गेला. तिथे जाण्याइतकं इंधन हातात असताना गेला. रोस्तोव्हवाले तिथेच फिरत राहिले."

नितीन काही बोलला नाही. मग कोळीकोडचा विषय निघाला, तो निघणारच होता. ७ ऑगस्ट २०२०, केरळात, एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान. कॅप्टन दीपक साठे, आपल्या नागपूरचे, हवाई दलातून आलेले. पाऊस, टेबलटॉप धावपट्टी, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरची, टोकाला खोल उतार. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला, वर गेले. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने आले, वारा पाठीमागून. विमान धावपट्टीला टेकलं तेव्हा निम्मी धावपट्टी मागे पडली होती. थांबलं नाही, टोकावरून खाली कोसळलं. चौकशी अहवालात दोन गोष्टी आहेत, त्या मला सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांनाच न्यायचं होतं, तो विचार मनात असावा. आणि विमान टेकण्याआधी को-पायलटने 'गो-अराउंड', म्हणजे उतरणं सोडा, वर चला, असं म्हटलं होतं. २१ जण गेले, हे दोघेही त्यात.

अनुभव कमी पडला असं तिथे कोण म्हणेल? म्हणूनच मला वाटतं, हा निर्णय धावपट्टी दिसू लागल्यावर घ्यायचाच नसतो. ढगाळ हवेत १,००० फुटांवर वेग, दिशा, खाली येण्याची गती ठरल्यासारखी नसेल तर वर जायचं, नियमच आहे. तरी फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या विमान-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये मांडलं की असं बिघडलेलं उतरणं शंभरात तीनच वेळा सोडलं जातं. बाकीचे उतरतात. बहुतेक वेळा निभावतं, आणि निभावतं म्हणूनच सवय लागते. उशिरा उतरलेल्या कॅप्टनला शिव्या घालणारे आपण त्या सवयीत भर घालतो, हे मी नितीनला तोंडावर सांगितलं. त्याला लागलं असणार.

"पण मग त्या को-पायलटने कंट्रोल हातात का नाही घेतला?" त्याने विचारलं.

"वयाने, हुद्द्याने एवढा मोठा माणूस शेजारी," प्रज्ञा म्हणाली. "तू घेशील?"

"नियमाने घ्यायलाच हवा," इरफान.

सावंतकाका बराच वेळ कप फिरवत होते. "आमच्या गाडीत गार्ड बारा डब्यांच्या पलीकडे असतो. माझा चेहरा त्याला दिसत नाही. त्याला वाटलं तर तो ब्रेक मारतो, मला विचारत नाही. चेहरा दिसत असता तर मारला असता का, सांगता येत नाही."

यावर साडेनऊपर्यंत वाद चालला. इरफान हटला नाही, प्रज्ञाही नाही. मघाचंच होतं की दुसरं, कोण जाणे, पण एक विमान पुन्हा पूर्वेकडून दिसलं. या वेळी पंख बरेच स्थिर होते. ते इमारतींच्या मागे जाईपर्यंत कुणी बोललं नाही. नितीन सगळ्यात शेवटपर्यंत बघत होता.