अभ्यासरजेला सहल म्हणणाऱ्यांसाठी

‘अभ्यासरजा ही प्राध्यापकांनी स्वतःसाठी काढलेली पळवाट आहे, दर सात वर्षांनी ते वर्षभर भरपगारी सहलीला जातात, परिषदांच्या नावाखाली विद्यापीठाच्या पैशाने हिंडतात, तो खर्च ज्याचा त्याने करावा, शिवाय तेवढा काळ मुलांचे नुकसान होते, आणि ज्याला अजून शिकावे लागते त्याने मुळात शिकवूच नये,’ अशा आशयाचा एक संदेश सध्या फिरतो आहे. तीन वेळा तो माझ्याकडे आला आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला. चौथ्यांदा मात्र माझ्या थोरल्या भावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ‘आता कळले’ एवढीच पुस्ती जोडली. मी कुठे आणि काय काम करतो हे दादाला चांगले ठाऊक आहे, म्हणून हे उत्तर.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण संदेशातले सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत घातक विधान तेच आहे. क्रिस्पर-कॅस९ हे जनुक-संपादनाचे तंत्र २०१२ मध्ये जगासमोर आले आणि त्यासाठी इमान्युएल शार्पांतिए व जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्याची पीएच.डी. २००५ मध्ये झाली, त्याच्या प्रबंधात या तंत्राची एक ओळही असणे शक्य नव्हते. आज विद्यार्थी त्याविषयी वर्गात प्रश्न विचारतात. मग शिकवणाऱ्याने ते शिकायचे कधी? दोन तासिकांच्या मधल्या वेळेत, की उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर रात्री? माझ्या एक सहकारी याच कामासाठी रजा घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. परत येताना त्यांनी आणलेली वही मी चाळली आहे. निम्म्याहून अधिक पानांवर फसलेल्या प्रयोगांचे फोटो चिकटवलेले आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने ‘बफर जुना?’, ‘तापमान चुकले’ अशा नोंदी. प्रात्यक्षिकाआधी विद्यार्थी आता त्याच पानांच्या झेरॉक्स मागून नेतात. सहलीच्या आठवणी म्हणून कोणी असले फोटो जपत असेल, तर माझे म्हणणे मी मागे घेतो.

‘भरपगारी’ हा शब्दही सरसकट खरा नाही. या रजेची पद्धतशीर सुरुवात हार्वर्डमध्ये १८८० मध्ये झाली, ती सातव्या वर्षी अर्ध्या पगारावर. अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी ती ज्यांना आपल्याकडे आणण्यासाठी देऊ केली, ते चार्ल्स लॅनमन संस्कृतचे अभ्यासक होते. अनेक विद्यापीठांत आजही पूर्ण वर्षासाठी पूर्ण पगार मिळत नाही. आणि जिथे मिळतो, तिथेही अर्जासोबत कामाचा आराखडा द्यावा लागतो, परतल्यावर अहवाल द्यावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी ठरावीक काळ तिथेच नोकरी करण्याचे बंधपत्रही लिहून द्यावे लागते. शिवाय ही मेहेरबानी आहे असेही नाही. उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी युनेस्कोने १९९७ मध्ये केलेल्या शिफारशीत, अध्ययन व संशोधनासाठी ठरावीक अंतराने पूर्ण किंवा अंशतः पगारी रजा द्यावी आणि निवृत्तिवेतन योजनेच्या नियमांना धरून तो काळ ज्येष्ठता व निवृत्तिवेतनासाठी सेवेत मोजावा, असे स्पष्ट म्हटले आहे. व्यावसायिक कामांत भाग घेण्यासाठी प्रसंगोपात्त पगारी रजेचाही त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. शिफारस बंधनकारक नसते हे मान्य. पण ‘प्राध्यापकांनी स्वतःसाठी काढलेली पळवाट’ हे वर्णन तिला लागू पडत नाही.

परिषदेचा खर्च ज्याचा त्याने करावा, ही सूचना वरवर न्याय्य वाटते. तशी ती अमलात आली, तर ज्यांच्या घरी पैसा आहे तेच जातील आणि कंत्राटी किंवा नव्याने लागलेले अध्यापक, ज्यांना ओळखी आणि टीका या दोन्हींची सर्वाधिक गरज असते, ते घरी बसतील.

राहिले मुलांचे नुकसान. ते होते, नाइलाजाने कबूल करतो, पण बदली अध्यापक नेमला नाही तर. रजा मंजूर करणारेच बदलीच्या नेमणुकीची फाईल महिनोन्महिने अडवून ठेवतात आणि तासिका उरलेल्यांच्या माथी मारतात. काही जण केवळ हजेरीचे प्रमाणपत्र घेऊन परततात, हेही मी पाहिले आहे; त्यांचे अहवाल कोणी न वाचता फायलीला लावले जातात. ते अहवाल विभागासमोर वाचून दाखवायला लावा, अशी मागणी त्या संदेशात असती, तर दादाच्या आधी मीच तो पुढे पाठवला असता.