चारही काड्या फुल्ल

गणपतीत गावी येणार असाल तर नेटचं नियोजन आत्तापासून करा. वाडीला टॉवर एकच, आणि एरवी ज्या घरात दोन म्हातारी माणसं नि एक मांजर असतं तिथे चतुर्थीला पंधरा-वीस फोन उतरतात. थोडा त्याग हवाच.

सगळ्यात आधी झोप सोडा. रात्री दोन ते चार नेट झकास चालतं. तेवढ्यात लाईटबिल भरावं, ऑफिसचा मेल धाडावा. भजनाला जागणार असालच, मध्ये उरकेल.

दुसरं म्हणजे घरात बसू नका. चिऱ्याच्या भिंतीआड बसून नेट वापरणं हा शुद्ध स्वार्थ आहे. फोर-जीचा 20 मेगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा असला, तर टॉवरकडे दर मिलिसेकंदाला वाटायला 100 तुकडे. रेंज कच्ची असली की तोच फोटो पाठवायला जास्त तुकडे लागतात. म्हणजे तुम्ही माजघरातून मोदकांचा फोटो टाकलात की खळ्यातल्या चौघांच्या तोंडचा घास गेला. वाटप करणारं सॉफ्टवेअर तसं पंगतीतल्या जाणत्या वाढप्यासारखं असतं: कोणाची रेंज आत्ता बरी आहे आणि कोणाचं पान केव्हाचं रिकामं आहे, दोन्ही बघून वाढतं. पण टोपात उसळ पन्नास माणसांची आणि पंगतीला पाचशे, तर वाढपी काय करणार?

फोन रिस्टार्ट करा. रोज, आंघोळ करून.

आणि खिशात रोख ठेवा. आमच्यात गौरीला तिखटाचा नैवेद्य. गेल्या वर्षी त्या सकाळी कोंबडीवाल्याकडे 640 रुपये द्यायला मी क्यूआरवर फोन धरला आणि गोल फिरायला लागलं. मागे वीसेक माणसं. तो म्हणतो, "रोख दी रे बाबा, लायन बघ केवढी लागली हा." माझ्या खात्यातून पैसे गेलेले, त्याच्याकडे आलेले नाहीत. शेवटी मागच्या काकांकडून उसने घेऊन कोंबडी घरी नेली. पैसे परत आले चौथ्या दिवशी, गौरी-गणपती पोचवून झाल्यावर.

त्या दुपारी सड्यावर जाऊन कस्टमर केअरला फोन लावला. बावीस मिनिटं गाणं ऐकलं. मग, "सर, तुमच्या एरियात सिग्नल स्ट्राँग दाखवतोय." दाखवणारच! काड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुम्हाला किती मोठ्याने ऐकू येतो, तेवढंच. तो तुमच्यासाठी मोकळा आहे की नाही, हे काड्यांत कुठे दिसतं? चारही काड्या फुल्ल आणि साधा मेसेज जात नाही, हे त्याला तीनदा सांगितलं. तर म्हणतो, "सर, तुम्ही प्लॅन अपग्रेड करू शकता." अहो, रोजचे दोन जीबी माझे आहेतच. त्यातले दोनशे एमबीसुद्धा वापरून होत नाहीत, बाकीचे रात्री बाराला बुडतात, आणि हा मला अडीच जीबीचं विकतोय! उपाशी माणसाला मोठं ताट. फोन ठेवला आणि त्याच क्षणी, त्याच रेंजमध्ये, मेसेज आला: आमच्या सेवेला 10 पैकी किती गुण द्याल?

गणपती काय न सांगता येतो? वर्षभर आधी पंचांगात छापलेला असतो. रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटी जादा बस सोडते, ग्रामपंचायतसुद्धा माती टाकून का होईना खड्डे बुजवते. कुंभमेळ्याला चाकांवरचे टॉवर नेऊन उभे करता, मग इथे दहा दिवस उभा करायला काय होतं? लहरींचा आणखी एक पट्टा लावा, टॉवरपर्यंत धड फायबर ओढा, लाईट गेली की जनरेटरमध्ये डिझेल असू द्या. रिचार्ज एक दिवस चुकला तर सेवा बंद करता ना? मग सेवा दहा दिवस चुकली तर तुमचं काय बंद करायचं?

आणि आपण तरी काय करतो? आरती लाईव्ह करतो, नेटला शिव्या घालतो आणि मुंबईला गेलो की विसरतो. माझ्याशिवाय एकाने तक्रार नोंदवलेली नाही. तक्रार क्रमांक घेऊन ठेवावा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, पैसे पडत नाहीत. माझा क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. सड्यावर उन्हात उभं राहून तासभर रीलं बघता येतात, तर हेही येईल.