सव्वासात मिलिमीटरचं दुखणं

सव्वासात मिलिमीटर. एवढ्याशा फरकापायी शिगम्यापासून मिरगापर्यंत माझं डोकं फिरलंय.

मामा बोटीवर होते. त्यांनी जपानहून आणलेली दुर्बीण, ६० मिलिमीटर भिंग, ९०० मिलिमीटर नाभीय अंतर (भिंगापासून चित्र उमटतं तिथवरचं), फोंड्याच्या घरी माळ्यावर पडून होती. गोव्यात काच माळ्यावर ठेवली की काय होतं ते चष्मेवाल्यालाही विचारू नका. भिंगात बुरशीचं जाळं, कोळ्यानं विणावं तसं. ते मी स्वतः काढलं. दोन काचा सुट्या केल्या, आधी कडेला पेन्सिलीची खूण केली, कारण फिरवून उलटसुलट बसवल्या तर चित्र बिघडतं. दोघींच्या मध्ये तीन टिकल्या असतात, कपाळावरच्या टिकलीहून लहान. त्यांतली एक पंख्याच्या वाऱ्यानं उडाली आणि मी तासभर जमिनीवर पालथा. बरं, पंखा मीच लावला होता. ते जाऊ दे. बुरशीनं काचेवरचा लेप थोडा खाल्लाय, तो कुठला परत येतोय! पण भिंग झकास आहे.

खरी कटकट नेत्रिकेची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या नळीची. जुन्या जपानी दुर्बिणींना २४.५ मिलिमीटरची नेत्रिका लागते. आता जगभर सव्वा इंची, म्हणजे ३१.७५. हाच तो सव्वासात मिलिमीटरचा फरक. जुनीतून बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघणं. म्हणून अडॅप्टर हवा. एक साधी धातूची कडी! ऑनलाइन मागवली, तर सव्वा इंचावरून दोन इंचावर नेणारी आली. परत करायची तर म्हणे पाकीट उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मी काय मुंजीचं शूटिंग करत होतो?

मग लेथवाला गाठला. "फाल्यां यो." म्हणजे उद्या ये. गेलो. "फाल्यां यो." ह्या माणसाच्या पंचांगात आज ही तिथीच नाही! शेवटी केलं, तर मोजून दहा सूत भोक. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वा इंच म्हणजे दहा सूत, हिशेब बरोबर, पण बाबा, दहा सुताच्या भोकात दहा सुताची नळी जाईल कशी? केसभर सैल ठेवायला नको? मी तसं म्हटल्यावर त्यानं इतकं घासलं, की आता नेत्रिका आत डुगडुगते. आवळायचा स्क्रू तर तो विसरलाच. सध्या तिथे इन्सुलेशन टेप आहे.

वर शेजारी सांगतात, "नवीनच घे रे, बाजारात ६७५ पट मोठं दाखवणारी मिळते." अहो, ६० मिलिमीटरच्या भिंगाची धाव १२० पटीपर्यंत. पुढे नुसता धुरळा! खोक्यावर आकडा छापायला कोणाचं काय जातंय? माझ्या मामांच्या दुर्बिणीत १० मिलिमीटर नाभीय अंतराची नेत्रिका लावली की ९०० भागिले १०, ९० पट होतं, शनीची कडी त्यात दिसतात. मार्चमध्ये आकाश कसं धुतल्यासारखं होतं, तेव्हा दुर्बीण लेथवाल्याच्या बाकड्याखाली, वर त्याच्या चहाचा कप.

काल त्याचाच फोन. "जालें मू? म्हाका चंद्र दाखय मरे." झालं ना, मला चंद्र दाखव म्हणे.

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. काय दाखवू ह्याला, माझं कप्पाळ?