गिअर कर्रकन पडला म्हणजे गिअरबॉक्स गेला?

जुन्या पिकअपवाल्यांमध्ये एक मेसेज हातोहात फिरतोय. त्याचा गोषवारा असा : गिअर कर्र करून पडायला लागला की समजायचं, बॉक्स गेला. घरघर आली तरी बॉक्सच. ऑइल बदलायच्या फंदात पडू नका, बदललं की आवाज वाढतो. बदलायचंच तर सगळ्यात जाड, १४० नंबरचं टाका. गिअर सुटत असेल तर दांडा हाताने दाबून धरा. आणि बॉक्स खाली आलाच तर नुसती क्लच प्लेट टाका, बाकी सगळं मेकॅनिकचं पोट भरायला.

शेवटच्या वाक्यावर लोक खूश होतात आणि बाकीचा मेसेज न तपासता पुढे ढकलतात. तो मॅन्युअल गिअरच्या, मागची चाकं ओढणाऱ्या पिकअपबद्दल आहे, म्हणून मीही तेवढ्यापुरतंच बोलतो.

‘कर्र झालं की बॉक्स गेला’

हे तपासायला पाना लागत नाही. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा आणि क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. लोण्यात सुरी फिरावी तसे पडले? आता इंजिन चालू करून तेच करा. आता अडकत असतील, तर बॉक्स तोच आहे आणि ऑइलही तेच आहे. बदललं एवढंच, की आता क्लचने इंजिनला बॉक्सपासून तोडायचं आहे आणि ते पूर्ण तुटत नाहीये.

दुसरी परीक्षा रिव्हर्सची. जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला बहुधा सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारा सिंक्रोनायझर) नसतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. क्लच तळापर्यंत दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. थांबूनही दात घासले, तर क्लच ओढतोय, म्हणजे दाबूनही इंजिनला पूर्ण सोडत नाहीये. घाईने टाकल्यावरच घासत असतील, तर आतला शाफ्ट अजून थांबला नव्हता. त्यात दोष बॉक्सचा नाही, आपल्या हाताचा आहे.

तिसरी खूण : पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर गुमान पडतो. मग क्लचच्या ऑइल लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर मास्टर (पेडलकडच्या) किंवा स्लेव्ह (बॉक्सकडच्या) सिलेंडरचं वॉशर गेलंय. केबलचा क्लच असेल तर केबल ताणली आहे का आणि पेडलचं सेटिंग बरोबर आहे का, ते बघा.

माझ्याच गाडीला ‘बॉक्स उतरवावा लागेल’ असा निकाल मिळाला होता. उतरवण्याआधी मी गाडीखाली आडवा झालो आणि धाकट्या भावाला क्लच दाबायला बसवलं. तो वरून ओरडत होता, ‘दाबलाय, पूर्ण दाबलाय!’ आणि खाली क्लचचा फोर्क (क्लच सोडवणारा लिव्हर) जेमतेम नखभर हलत होता. स्लेव्ह सिलेंडरचं रबरी बूट बोटाने मागे सारलं, तर आतून काळपट ब्रेक ऑइल मनगटावर ओघळलं. सिलेंडर बदलला, एअर काढली, आणि रिव्हर्स आवाज न करता पडला. बॉक्सचा एक बोल्टही ढिला करावा लागला नाही. (ते ऑइल रंग खातं. गाडीच्या पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. मी धुतलं नव्हतं.)

मेसेज खरा ठरतो तो वेगळ्या ठिकाणी. गाडी चालती असताना एकच गिअर, समजा दुसरा, दरवेळी कर्र करतो आणि बाकीचे नीट पडतात. मग डबल क्लच करून बघा : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबून गिअर. खालचा गिअर टाकताना मधे थोडी रेस द्या. असं केल्यावर गिअर शांत पडला, तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजली आहे. बॉक्स उघडावा लागेल, पण रिंग बदलायला. भंगारात द्यायला नाही.

‘घरघर आली की बॉक्सच’

आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी थांबतो हे विचारा. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू, पाय क्लचवरून बाजूला. घरघर येते आणि क्लच दाबला की बंद होते? क्लच दाबल्यावर बॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि खालचा लेअर शाफ्ट (बहुतेक गिअरची ताकद ज्यावरून जाते तो) थांबतात, म्हणजे संशय त्यांच्या बेअरिंगवर. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच ढकलणारं). ते बॉक्सच्या आत नसतंच, पण त्यासाठी बॉक्स मागे घ्यावा लागतो, म्हणून दोष त्याच्या नावावर पडतो.

आता चालत्या गाडीचं. पाच गिअरच्या बऱ्याच बॉक्समध्ये चौथा गिअर सरळ असतो. ताकद लेअर शाफ्टवरून न फिरता थेट मागे जाते. बाकीच्या गिअरमधली घरघर चौथ्यात एकदम कमी झाली, तर लेअर शाफ्ट किंवा त्याची बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये सारखीच, फक्त गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून न्यूट्रल करा. तरीही आवाज तसाच? मग बॉक्सच्या मागच्या शाफ्टचं बेअरिंग सोडलं, तर शोध मागे न्यायचा : प्रॉपेलर शाफ्टचं (बॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब शाफ्टचं) सेंटर बेअरिंग, डिफरेन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा), चाकांची बेअरिंग. अॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर सूर बदलला, तर क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरेन्शियलच्या मुख्य गिअर जोडीवर, बोट ठेवा.

गाडी हलताना बसणारा ‘खट्ट’ तर बहुतेक वेळा क्रॉसचा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा असतो. चाकांना पुढून-मागून दगड लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघा. क्रॉसमध्ये खेळ अजिबात नको. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतली ग्रीस कधीच वाळून गेली आहे.

‘ऑइल बदललं की आवाज वाढतो’

ही भीती बहुधा ऑटोमॅटिकवाल्यांकडून इकडे आली. तिथले क्लच ऑइलात बुडालेले असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं हेळसांड झालेल्या बॉक्सबद्दल ती चर्चा निदान समजू शकते. आपला क्लच कोरडा, बॉक्सच्या बाहेर. आत दात, बेअरिंग आणि पितळी रिंगा, आणि त्यांना जुन्या ऑइलाचा काडीचाही फायदा नाही.

उलट, काढलेलं ऑइल बॉक्सचा रिपोर्ट असतो. गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करा. आणि हे ठळक वाचा : आधी भरायचा प्लग खोला, मगच काढायचा. भरायचा गंजून बसला असेल आणि खालून सगळं ऑइल काढून झालं असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. हे ज्याच्यावर ओढवलंय तो दुसऱ्यांदा विसरत नाही.

खालच्या चुंबकाच्या प्लगवर करडा, मऊ चिखल दिसला तर घाबरू नका, ती वयाची झीज. ऑइलात सोनेरी चमचम असेल तर रिंगा झिजतायत. बोटाला टोचणारे तुकडे निघाले, तर दात किंवा बेअरिंग फुटतंय. गाडी तिथेच थांबवा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. नवं ऑइल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, गाडी सपाट असताना. वरचा ब्रीदरही (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ करा. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि चांगली सीलही गळू लागतात.

‘जाड टाका, १४० नंबर’

आवाज कमी होतो, हे खरं. दुखऱ्या दातावर लवंग ठेवली की दुखणं कमी होतं, तितकंच खरं. सिंक्रोची रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासूनच वेग जुळवते आणि त्यासाठी मधला ऑइलचा थर तिला पिळून बाहेर काढावा लागतो. थर जाड झाला की ती घसरते. थंड गाडीत सकाळचे पहिले गिअर दगडासारखे होतात, आणि झिजलेलं बेअरिंग गुपचूप आणखी झिजतं.

नंबरांचा आणखी एक घोळ आहे. जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल म्हणजे जीएल-४ ची सुधारलेली आवृत्ती, असं दुकानातही सांगतात. तसं नाही. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी रसायनं साधारण दुप्पट असतात आणि ते डिफरेन्शियलच्या हायपॉइड गिअरसाठी आहे. सिंक्रोच्या बॉक्सला ते फार निसरडं पडू शकतं आणि त्यातली काही रसायनं पितळाला बाधतात. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड दिलाय तोच टाका. काही बॉक्सना तर पातळ ऑइलच लागतं, तिथे १४० म्हणजे शिक्षा.

‘गिअर सुटतो तर दांडा धरून ठेवा’

सगळ्या मेसेजमधला सर्वांत महागात पडणारा सल्ला हा. दांड्यावर हाताचा भार म्हणजे आतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कचा भार फिरणाऱ्या स्लीव्हच्या (गिअर जोडणाऱ्या कड्याच्या) खाचेवर. फोर्क खाचेत घासत राहतो आणि सुटण्याचा आजार वाढतो.

आधी बाहेरचं बघा. दांड्याचं बुश झिजून गिअर अर्धवटच बसतोय का? लिंकेज ढिलं आहे का? बॉनेट उघडा, कोणाला तरी ब्रेक दाबून किंचित क्लच सोडायला सांगा आणि गाडीपुढे न थांबता बाजूने बघा : इंजिन उडी मारत असेल तर माउंटिंग फाटलंय, आणि इंजिनाबरोबर बॉक्सही हलून गिअर बाहेर फेकला जातोय. हे सगळं ठीक असूनही उतारावर अॅक्सिलरेटर सोडताच गिअर न्यूट्रलला येत असेल, तर डिटेंटची (गिअर जागेवर धरणारी) स्प्रिंग-गोळी, डॉगचे (गिअर अडकवणारे) दात किंवा शाफ्टची बेअरिंग. इथे मात्र बॉक्स उघडण्याला पर्याय नाही.

‘नुसती प्लेट टाका’

बॉक्स खाली आहे तोवर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग (बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं टोक धरणारं), क्रँकचं मागचं सील आणि फ्लायव्हीलचा चेहरा बघायला अर्धा तास पुरतो. नवी प्लेट गळक्या सीलखाली बसवली, तर ती ऑइल पिऊन घसरू लागते, आणि सीलसाठी बॉक्स पुन्हा खाली येतो. प्रेशर प्लेटवर निळे डाग दिसले तर तीही बदला. बेअरिंगचं मात्र दिसण्यावर जाऊ नका. हातात धरून सावकाश फिरवा, आणि बोटाला जरा जरी खरखर जाणवली तर ते परत बसवू देऊ नका.